पाऊस, ऊस आणि कोयता: सोशल इकॉलॉजीचा चष्मा लावून

रानजाई

२०१६ चा एप्रिल आठवतोय? मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली होती. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, नाव 'जलदूत'. त्याआधी मार्चमध्येच लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली होती. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या बाईंनी वर्गात विचारलं, हे कशामुळे झालं? सगळे एका सुरात म्हणालो, पाऊस पडला नाही म्हणून.

"बरं," बाई म्हणाल्या, "मग मराठवाड्यातल्या कारखान्यांनी यंदा गाळप कशाचं केलं?"

वर्ग गप्प. तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि पुढे मरे बुकचिन वाचताना त्याला नाव मिळालं. हा न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबातला माणूस (१९२१ ते २००६). ओतशाळेत आणि मोटार कारखान्यात कामगार होता, युनियनमध्ये होता. कीटकनाशकं आणि कृत्रिम पर्यावरणावरचं त्याचं पुस्तक टोपणनावाने १९६२ मध्ये आलं, रेचल कार्सनच्या गाजलेल्या पुस्तकाच्या काही महिने आधी. कुणी फारशी दखल घेतली नाही. १९६४ च्या एका निबंधात त्याने कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापेल असंही लिहून ठेवलं होतं. १९७४ मध्ये व्हरमाँटमध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर सोशल इकॉलॉजी' ही संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांपैकी तो एक.

त्याचं म्हणणं, म्हणजेच सोशल इकॉलॉजी, माझ्या शब्दांत: माणूस निसर्गावर हुकूम गाजवायला लागला, त्याच्या खूप आधी माणूस माणसावर हुकूम गाजवायला शिकला होता. म्हातारे तरुणांवर, पुरुष बायकांवर, मालक मजुरावर. नदीला 'संसाधन' म्हणायची सवय त्या शाळेत लागली. म्हणून पर्यावरणाचं कुठलंही संकट घेतलं, की आधी विचारायचं, इथे कोण कुणावर हुकूम चालवतंय?

आता हा चष्मा लावून ऊस बघा. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने वारंवार नोंदवलेला हिशेब असा, की राज्यातल्या पिकाखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास, आणि सिंचनाच्या पाण्यात सुमारे ७० टक्के. धरणाचं पाणी त्या चार टक्क्यांकडे वळलं की उरलेला शेतकरी कोरडवाहू. कोरडवाहूत भागत नाही म्हणून तो दसऱ्यानंतर बायकोसकट ऊस तोडायला जातो. म्हणजे ज्या पिकाने पाणी नेलं, तेच पीक तोडायला. त्यात आता इथेनॉल आलंय. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते पुढे ओढून २०२५ वर आणलं. कारण कच्चं तेल बाहेरून आणावं लागतं आणि हवामानबदलाच्या हिशेबात इथेनॉल 'हरित' मोजलं जातं. मग डिसेंबर २०२३ मध्ये पाऊसमान कमी म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधनं आणली.

तेल, हवामान, पाणी, स्थलांतर ही वेगवेगळ्या परिषदांमध्ये चर्चिली जाणारी चार 'जागतिक संकटं' एकाच फडात उभी आहेत. मला हे असं दिसतं. कुठे चुकतंय ते सांगा, आणि आपापल्या भागातलं लिहा.

मिसळीतला_पाव

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे, कारण 'ऊस' हा शब्द शीर्षकात आहे.

हिशेबनीस

लेख चांगला, पण शहरातून उसाकडे बोट दाखवणाऱ्यांचा मला जरा कंटाळा आलाय, तेव्हा स्पष्ट लिहितो. माझ्याकडे सहा एकर आहे, त्यातला अडीच एकर ऊस. का लावतो? उसाला एफआरपी आहे. कायद्याने ठरलेला भाव, १४ दिवसांत पैसे द्यायचं बंधन. (पाळतात का हा वेगळा धागा होईल.) तुरीचा हमीभाव जाहीर होतो आणि खरेदी केंद्र उघडेपर्यंत माझी तूर व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेली असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, शेजाऱ्याची द्राक्षबाग एका दुपारी झोपली. माझा ऊस उभा होता. सोसायटीही कर्ज देताना ऊस म्हटलं की लगेच सही करते.

आता सांगा, मी कुणावर हुकूम गाजवतोय?

रानजाई

हिशेबनीस काका, तुमच्यावरच हुकूम चालतोय असं माझं म्हणणं आहे. भाव, कर्ज, खरेदी आणि पाणी या चारही गोष्टी एकाच पिकाच्या मागे उभ्या केल्या की शहाणा माणूस तेच पीक लावणार. माधवराव चितळे अध्यक्ष असलेल्या जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच सांगितलं होतं, की वर्षाला हजार मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असलेल्या भागात ऊस नको. मराठवाड्याचा बहुतेक भाग त्यात बसतो. अहवाल आला आणि कारखाने वाढतच गेले. शेतकऱ्याच्या हावेने हे झालं असं मी कुठेच म्हटलेलं नाही. 'हाव' हा शब्द फार सोपा आहे, म्हणून मला संशयास्पद वाटतो.

शंकासूर

एवढं सगळं फिरवून लिहायची गरज काय? मूळ एकच आहे, लोकसंख्या. तोंडं वाढली, पाणी तेवढंच. बाकी बुकचिन-बिकचिन सगळं तेल लावून केलेली मालिश.

दूरचा_नातलग

शंकासूर, तुमचा हा मुद्दा नवा नाही, त्यावर अमेरिकेत मोठी भांडणं झाली आहेत. १९८७ मध्ये अॅम्हर्स्टला तिथल्या हरित चळवळीचं संमेलन झालं, तिथे बुकचिन 'डीप इकॉलॉजी'वाल्यांवर (माणसाच्या गरजांआधी निसर्ग मानणाऱ्या गटावर) तुटून पडला. त्या गटातल्या एका पुढाऱ्याने मुलाखतीत इथिओपियाच्या दुष्काळाबद्दल म्हटलं होतं, की निसर्गाला आपला समतोल साधू द्यावा, तिथल्या लोकांना उपाशी राहू द्यावं. बुकचिनचा प्रश्न होता, 'माणूस' निसर्ग बिघडवतो म्हणता तेव्हा कुठला माणूस? तेल कंपनीचा संचालक आणि इथिओपियातली उपाशी बाई हे दोघं एकाच 'मानवजाती'च्या खात्यात कसे टाकता?

लातूरला लावून बघा. मांजरा धरण कोरडं पडलं ते लातूरकरांनी जास्त पाणी प्यायलं म्हणून?

मी पंधरा वर्षं न्यू इंग्लंडमध्ये राहतो. व्हरमाँटच्या बऱ्याच गावांत मार्चच्या पहिल्या मंगळवारी अख्खं गाव सभागृहात जमतं आणि गावाचं अंदाजपत्रक हात वर करून मंजूर करतं. मी एकदा ओळखीच्या कुटुंबाबरोबर पाहायला गेलो होतो. बर्फ काढायच्या ट्रकवर पाऊण तास वाद, मध्ये कुणीतरी केक वाटला. बुकचिनला याच सभांमध्ये भविष्य दिसायचं. हसू येतं, पण १९८२ मध्ये याच गावसभांपैकी दीडशेहून अधिक सभांनी अण्वस्त्रं गोठवा असा ठराव केला आणि त्याची देशभर चर्चा झाली. बर्फाचा ट्रक आणि अणुबॉम्ब एकाच सभेच्या विषयपत्रिकेवर.

मिसळीतला_पाव

आमच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर "आयत्या वेळी येणारे विषय" एवढंच असतं, आणि तेही येत नाहीत.

कोयत्याची_लेक

इथे सहसा फक्त वाचते. आज लिहिते, कारण 'स्थलांतर' हा शब्द तुम्ही सगळे फार सहज लिहिताय.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. माझे माय-बाप बावीस हंगाम ऊस तोडायला गेले. आमच्याकडे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' असतो. दोन माणसं, कोयता एक. एकटा माणूस गेला तर 'अर्धा कोयता'. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो. त्या पैशात घराचं पत्र्याचं काम, आजीचं दवाखान्याचं, बहिणीचं लग्न. उचल घेतली की माणूस बांधला. हंगामात फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. उचल बाप घेतो, अंगठा बापाचा, पण फिटते दोघांच्या अंगातून. मायच्या हातात कधी वेगळा रुपया आलेला मी पाहिला नाही.

फडात दिवस उजाडायच्या आत सुरू होतो. बाप तोडतो, माय पाला साळते आणि मोळ्या बांधते, मग दोघं डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढतात. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. एक दिवस आजारी पडलं की 'खाडा'. मजुरी तर जातेच, वर दंड कापतात. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या आमच्या झोपडीत, पाणी नाही, आडोसा नाही. पाळीच्या दिवसांत तेच कापड, तोच चिखल, तीच मोळी. मग अंगावरून जायला लागतं, ओटीपोटात दुखायला लागतं, आणि डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. बाई घाबरते. मुकादमालाही बरं पडतं, खाडे कमी होतात. तेवढ्यासाठी अजून उचल.

आमच्या माळावर "तुझी पिशवी हाय का गेली?" असं बाया एकमेकींना विचारतात, चहा झाला का विचारावं तसं.

२०१९ मध्ये बातम्या आल्या, विधानपरिषदेच्या तेव्हाच्या उपसभापतींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सहा जणींमागे एक. माझी माय त्या यादीत आहे का, मला माहीत नाही. तिला कुणी विचारलं असेल तर तिने नाही म्हणूनच सांगितलं असणार. तिची पिशवी काढली तेव्हा ती चौतीस वर्षांची होती.

रानजाई ताई, तुम्ही लिहिलंत माणूस माणसावर हुकूम चालवायला आधी शिकला. आमच्याकडे त्याला पुस्तक लागत नाही. पाणी बागायतदाराकडे गेलं, बागायतदाराचा ऊस मुकादमाकडे, मुकादमाची उचल बापाकडे आणि बापाचं सगळं मायकडे. धरणापासून मायच्या पोटापर्यंत एकच पाट आहे.

रानजाई

तुमचं वाचून मी माझा मूळ लेख पुन्हा उघडला. "बायकोसकट" असं मी एका शब्दात उरकलं होतं.

हिशेबनीस

ताई, माझ्या फडात दरवर्षी टोळी येते. पाणी देतो, लाईटही देतो आणि मनात समाधान करून घेतो. पिशवीचं कधी विचारलं नाही. विचारणार तरी कोण आणि कसं. असो. आज एवढंच.

शंकासूर

वरचा प्रतिसाद वाचून माझी लोकसंख्या मागे घेतो, निदान या धाग्यापुरती. पण मग उपाय सरळ आहे ना? हार्वेस्टर आणा. यंत्राने तोडणी झाली की उचल संपली, मुकादम संपला, हा सगळा छळ संपला.

कोयत्याची_लेक

छळ संपेल, आणि त्याबरोबर आमची चूलही. बीडमधून लाखोंनी माणसं जातात. यंत्र आलं तर ती कुठे जाणार, हे यंत्र विकणारा सांगत नाही. शिवाय यंत्राला रुंद सरी आणि मोठा सलग फड लागतो. तो असतो मोठ्या बागायतदाराकडे. अडचणीतला, बांधाकोपऱ्यातला, पडलेला ऊस आमच्याकडेच राहणार, आणि तो तोडायला जास्त त्रासाचा असतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली तीही संपाच्या धाकाने झाली, कुणाच्या दयेने नाही.

शंकासूर

मान्य. मी गप्प बसतो. (फार वेळ नाही.)

पाटकरी

उशिरा आलो. माझं अर्धं आयुष्य कालव्यावर पाणी मोजण्यात गेलं, म्हणून पाण्याच्या बाजूने लिहितो.

बुकचिन व्हरमाँटमध्ये संस्था काढत होता त्याच सुमाराला, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे नावाचा इंजिनिअर देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन खंडाने घेऊन बसला होता. पुण्यात स्वतःचा उद्योग असलेला माणूस. बांध घातले, पाझर तलाव केला, पडीक माळावर धान्य काढून दाखवलं. इथपर्यंतची गोष्ट पाणलोटाच्या कुठल्याही पुस्तिकेत सापडेल. खरी गंमत 'पाणी पंचायत'च्या नियमांत आहे.

पाणी जमिनीवर ठरणार नाही, माणसांवर ठरणार. घरात जेवढी माणसं, माणशी अर्ध्या एकराचं पाणी, जास्तीत जास्त अडीच एकरापर्यंत. मग तुमची जमीन वीस एकर असली तरी पाणी तेवढंच. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. योजनेच्या खर्चातला २० टक्के भाग लाभधारकांनी आधी स्वतः उभा करायचा. आणि ऊस लावायचा नाही.

शेवटचा नियम ऐकून लोक हसायचे. पण पहिले नियम पाळले की शेवटचा आपोआप येतो. माणशी अर्ध्या एकराच्या पाण्यात ऊस बसतच नाही.

सांगली जिल्ह्यात येरळेवर बळीराजा धरण झालं तेही असंच. ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी वाळू ठेकेदारांचा उपसा अडवला, आणि थोडी वाळू गावानेच विकून धरणाला पैसे उभे केले. नदीची वाळू नदीच्याच कामी. पाण्याचा वाटा तिथेही कुटुंबागणिक, भूमिहीनांसकट. 'समन्यायी पाणीवाटप' हा शब्द आज सरकारी कागदांत सर्रास दिसतो, तो अशा चळवळींनी रुजवलेला आहे.

साळुंख्यांनी बुकचिन वाचला होता असं मला वाटत नाही. गरजही नव्हती.

रानजाई

पाटकरी काका, माणशी पाणी हा नियम मी कॉलेजच्या कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता. पाणलोट शिकवतात तेव्हा सलग समतल चर, गॅबियन बंधारा, सगळं शिकवतात. वाटा कुणाला, हे पान गाळून.

निळी_शाई

चर्चा छान चाललीय, म्हणून आता थोडं पाणी टाकतो.

बुकचिनचं औषध काय? गावसभा, स्थानिक लोकशाही, गावांचे संघ. आमच्यासारख्यांना 'गाव' शब्द ऐकला की अंगावर काटा येतो. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनासभेत बाबासाहेब म्हणाले होते, की खेडं म्हणजे स्थानिक संकुचितपणाचं डबकं, अज्ञान आणि जातीयतेची गुहा. ते हवेतून बोलत नव्हते. २० मार्च १९२७ ला महाडचं चवदार तळं सार्वजनिकच होतं. नगरपालिकेने ठराव करून सगळ्यांना खुलं केलेलं होतं. तरी पाण्याला हात लावला म्हणून लोकांची डोकी फुटली. ठराव कागदावर होता, तळं जातीकडे होतं.

मूळ सिद्धांताशी माझं भांडण नाही, उलट आम्ही तो चार पिढ्या जगलोय. जोतीरावांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने गायरानं गिळल्याचं लिहिलंय, आणि डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी मुरवा, माती वाहू देऊ नका हेही लिहिलंय. ब्राह्मणी सत्ता, गोरी सत्ता आणि मातीची धूप एकाच पुस्तकात. शंभर वर्षांनी कुणी अमेरिकन तेच म्हणाला तर स्वागत आहे. पण सत्ता गावाकडे द्या म्हणजे निसर्ग वाचेल, या वाक्यातला 'गाव' म्हणजे कोण, ते आधी सांगा.

ता.क. सोशल इकॉलॉजीला 'सामाजिक परिस्थितिकी' हा शब्द कुणी वापरला नाही याबद्दल आभार.

मिसळीतला_पाव

+१. आणि 'सामाजिक परिस्थितिकी' ऐकून मला दहावीचा नागरिकशास्त्राचा पेपर आठवला, गुण सांगणार नाही.

दूरचा_नातलग

निळी_शाई, नेमकं तिथेच बोट ठेवलंत. व्हरमाँटच्या ज्या सभेचं मी कौतुक केलं, तिथे सगळे जवळजवळ एकाच रंगाचे आणि एकाच ऐपतीचे होते. जातीला तिथे तोंड द्यावंच लागत नाही.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण उत्तर सीरियातल्या कुर्द भागाचं, म्हणजे रोजावाचं. कुर्द नेता अब्दुल्ला ओजलान १९९९ पासून तुर्कस्तानच्या इमराली बेटावर कैदेत. तिथे त्याने बुकचिन वाचला, त्याच्याशी मध्यस्थांमार्फत पत्रव्यवहार केला, आणि आपला जुना राष्ट्रराज्याचा आग्रह सोडून स्थानिक सभांच्या संघाची कल्पना मांडली. २०१२ नंतर रोजावात ती प्रत्यक्षात आणायचा प्रयत्न झाला. तिथला एक नियम तुमच्या प्रश्नाशी जोडलेला आहे: प्रत्येक प्रमुख पदावर एक बाई आणि एक पुरुष, दोघं मिळून. 'गाव'मध्ये बाई आपोआप मोजली जात नाही, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. युद्ध, तुर्की हल्ले, पाण्याची केंद्रं बंद पडणं, या सगळ्यात तो प्रयोग किती शुद्ध राहिला यावर खूप वाद आहेत आणि मी त्यात पडणार नाही.

रानजाई

निळी_शाई, उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. मेंढा-लेखाचं उदाहरण देणार होते. गडचिरोलीतलं शंभरेक घरांचं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." निर्णय बहुमताने घेत नाहीत, सर्वसहमतीने घेतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेत. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू तोडू देईनात, कारण १९२७ च्या वन कायद्यात बांबू 'झाड' होता. २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्याने गावात येऊन वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं, तेव्हा गवत असलेला बांबू खऱ्या अर्थाने गवत झाला.

पण तुमची शंका वाचून लक्षात आलं, मेंढ्यातही जवळपास सगळे एकाच समाजाचे. जिथे एक पाटील, चार भावक्या आणि गावाबाहेर वस्ती आहे, तिथे 'सर्वसहमती' म्हणजे कुणाची मान्यता आणि कुणाचं मौन?

निळी_शाई

एवढं मान्य केलंत तरी पुरे. पाटकरी काकांच्या नायगावच्या नियमांत मला जास्त दम वाटतो. तिथे गावाच्या चांगुलपणावर काही सोडलेलं नाही. भूमिहीनाचा वाटा नियमातच लिहिलाय, कुणाच्या मनात आलं म्हणून द्यायचा नाही. नियम आधी, गाव नंतर.

पाटकरी

बरोबर. आणि एका गावाने भागतही नाही. नदीला गावाची हद्द कळत नाही. वरच्या गावाने समन्यायी वाटप करून पाणी जिरवलं तरी खालच्या गावाला ते कमीच येतं. हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचं अंदाजपत्रक मांडतात, किती पाऊस, किती मुरलं, कुठलं पीक घ्यायचं. बोअरवर बंदी, उसावर बंदी. उत्तम. पण खोऱ्याचं अंदाजपत्रक कोण मांडणार?

गोदावरीत ते भांडण कायम आहे. वर नगर-नाशिक, खाली जायकवाडी. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या तुटीचं वाटप समन्यायी करायचं कलम आहे. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये सूत्र दिलं, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं. कागदावर हे बुकचिनच्या 'गावांच्या संघा'च्या जवळ जाणारं आहे. प्रत्यक्षात दर तुटीच्या वर्षी कोर्ट, आंदोलन आणि दरवाज्यावर पोलीस बंदोबस्त. मी त्या बंदोबस्तात ड्यूटी केलेली आहे. कडाक्याची थंडी, वरचे शेतकरी एका काठावर शिव्या देतात, खालचे फोनवर. पाणी सोडलं की वाटेत मोटारी टाकून उपसतात, म्हणून वीजही तोडावी लागते. शंभर सोडलं तर खाली किती पोचलं यावर पुन्हा भांडण.

तरी ते कलम आहे म्हणून निदान भांडता येतं. आधी तेही नव्हतं.

हिशेबनीस

दोन दिवस विचार करून परत आलो. गाडगीळ आणि गुहांच्या १९९५ च्या पुस्तकात तीन प्रकारची माणसं आहेत: आसपासच्या जंगल-मातीवर जगणारे, दुरूनही सगळं ओढून खाणारे सर्वभक्षी, आणि या दोघांच्या मध्ये उखडले गेलेले पर्यावरणीय निर्वासित. मी स्वतःला आजवर पहिल्यात धरत होतो. मातीत हात आहेत ना. पण माझी वीज कोळशावरची, खत आयात केलेलं, पाणी दुसऱ्या तालुक्यातल्या धरणाचं आणि तोडणी बीडच्या माणसांची. सहा एकरवाला सर्वभक्षी!

व्यवहाराचं बोलतो. या वर्षी अडीच एकरातला एक एकर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा येणारा ऊस) ठेवत नाही, तूर-सोयाबीन घेतो. तोटा झाला तर इथेच येऊन रडेन. सोसायटीच्या सभेत एक विषय टाकला आहे: टोळी ज्या फडात राहील तिथे पाणी आणि बायकांसाठी आडोसा फडमालकाने द्यायचा, नाहीतर सोसायटीची तोडणी चिठ्ठी नाही. सचिव म्हणाले, हा आमचा विषय नाही, कारखान्याचा आहे. कारखान्यात गेलो तर म्हणाले, मुकादमाचा आहे. मुकादम म्हणाला, ऊसतोड कामगार महामंडळाचा आहे.

मिसळीतला_पाव

काका, आयत्या वेळच्या विषयात टाका.

कोयत्याची_लेक

हिशेबनीस काका, एक सांगू? आडोशाला पत्रा नको, वारं लागलं की आवाज येतो, रात्री बाया जायला भितात. शेडनेटचं कापड दुहेरी लावा, आणि दार फडाच्या उलट्या बाजूला. आणि पाण्याची टाकी टोळीतल्या बाईच्या ताब्यात द्या, मुकादमाच्या नको. माय म्हणाली ते लिहिलं. तिला धागा वाचून दाखवला मी काल. तुमच्या त्या अमेरिकेतल्या सभेत केक वाटला ते तिला फार आवडलं. विचारत होती, तिथे ऊस असतो का.